नववा निरीक्षक : रोझेनहान यांचा लेख पुन्हा वाचताना

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी उपशीर्षकं नंतर घातली आहेत.)



आजचा विषय आहे मानसशास्त्रातली निरीक्षणपद्धती. विषय ऐकूनच काहींनी मागच्या रांगा धरलेल्या दिसतायत. (हशा) साहजिक आहे. नैसर्गिक निरीक्षण, नियंत्रित निरीक्षण, सहभागी निरीक्षण, मग प्रत्येकाचे फायदे आणि तोटे, ही यादी आपण बारावीपासून पाठ करत आलो. ती मी आज वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी आपण एकच लेख हातात घेऊ आणि समीक्षक जशी एखादी कलाकृती वाचतो तसा तो बारकाईनं वाचू.

लेख आहे डेव्हिड रोझेनहान यांचा, १९७३ सालच्या जानेवारीत 'सायन्स' या साप्ताहिकात आलेला. 'ऑन बीइंग सेन इन इन्सेन प्लेसेस' हे त्याचं शीर्षक. 'वेड्यांच्या जागी शहाणं असणं' असं साधारण मराठीत म्हणता येईल. पानं फक्त नऊ. मानसशास्त्र शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो ऐकून माहीत असतो. मुळातून वाचलेले मात्र थोडे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे भांडायला सोपं जाईल. हा लेख मनोविकारांच्या निदानावरची टीका म्हणून गाजला. त्याचा खरा ऐवज आहे वॉर्डात बसून केलेलं निरीक्षण. आणि त्याचा सगळ्यात मोठा दोषही निरीक्षणाचाच आहे. तो दोष मजकुरात सापडत नाही, एका तळटीपेत सापडतो.

गोष्ट काय आहे

थोडक्यात उजळणी करू. आठ माणसं. त्यांत मानसशास्त्राचा एक विद्यार्थी, तीन मानसशास्त्रज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, एक मनोविकारतज्ज्ञ, एक चित्रकार आणि एक गृहिणी. पाच पुरुष, तीन बायका. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या पाच राज्यांतल्या बारा रुग्णालयांत ही माणसं गेली आणि म्हणाली, मला आवाज ऐकू येतात. आवाज काय म्हणतात? नीट कळत नाही, पण 'रिकामं', 'पोकळ' आणि 'धप्प' असे शब्द असतात. नाव आणि व्यवसाय खोटा सांगायचा, बाकी सगळं खरं. दाखल झाल्यावर लक्षणं बंद. नेहमीसारखं वागायचं आणि काय दिसतं ते वहीत लिहायचं.

सगळ्यांना दाखल करून घेतलं. एक अपवाद सोडला तर निदान छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया. मुक्काम कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त बावन्न, सरासरी एकोणीस. डिस्चार्ज मिळताना केसपेपरवर काय? 'छिन्नमनस्कता, सध्या लक्षणं नाहीत'. म्हणजे आजार गेला असं नाही, दबून बसलाय.

आता यातली खरी गंमत. कर्मचाऱ्यांपैकी कोणी या लोकांना ओळखलं नाही, पण शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनी ओळखलं. पहिल्या तीन मुक्कामांत नीट मोजदाद ठेवली होती. दाखल-वॉर्डातल्या ११८ रुग्णांपैकी ३५ जणांनी शंका बोलून दाखवली. तुम्ही वेडे नाही, पत्रकार असाल नाहीतर प्राध्यापक, रुग्णालय तपासायला आलात, असं. कशावरून? तर हा माणूस सारखा वहीत लिहितोय.

लिहिणं दिसलं, पण कसं दिसलं

ही वही फार महत्त्वाची. सुरुवातीला हे लोक लपूनछपून लिहीत. मग लक्षात आलं की कोणाला काही पडलेलीच नाही, तेव्हा उघड्यावर बसून लिहू लागले. तिघांच्या बाबतीत परिचारिकांच्या नोंदींत या लिहिण्याची दखल घेतली गेली, ती विकाराचा एक भाग म्हणून. काय लिहितोस रे बाबा, असं मात्र कोणी विचारलं नाही.

बघा, एकच कृती आहे. माणूस वहीत लिहितोय. शेजारचा रुग्ण ती बघतो आणि म्हणतो, हा आपल्यातला नाही. परिचारिका तीच बघते आणि तिला लक्षण दिसतं. डोळे दोघांनाही आहेत. परिचारिकेच्या हातात केसपेपर आहे आणि त्यावर शब्द आधीच लिहिलेला आहे, एवढाच फरक. आपल्याकडे चेष्टेत म्हणतात ना, याला ठाण्याला पाठवा, याला येरवड्याला पाठवा. ती चेष्टा आहे तोवर ठीक. एकदा खरोखरच पाठवलं की मग तो जे करेल ते 'तसलंच' दिसायला लागतं.

निरीक्षणपद्धतीत याला निरीक्षकाची पूर्वअपेक्षा म्हणतात. पाठ्यपुस्तकात ती दोन ओळींत येते. रोझेनहान यांनी तिला माणसाच्या अंगाला चिकटलेली दाखवली. पन्नासहून जास्त वर्षं हा लेख टिकला तो यामुळे, आणि हे श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही.

स्पिट्झर काय म्हणाले

लेखावर लगेच टीका झाली. सगळ्यात धारदार टीका रॉबर्ट स्पिट्झर यांची, १९७५ सालची. स्पिट्झर म्हणजे पुढे १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारांच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती ज्यांच्या नेतृत्वाखाली आली ते. त्यांचा एक मुद्दा असा की 'सध्या लक्षणं नाहीत' असा शेरा डिस्चार्जच्या वेळी फारच क्वचित दिला जातो. तो इतक्या जणांना दिला, याचा अर्थ डॉक्टरांना हे लोक इतरांपेक्षा वेगळे दिसले होते. रोझेनहान यांनी तोच पुरावा उलटा वाचला.

सीमोर केटी यांनी याच संदर्भात एक उदाहरण दिलं होतं. समजा मी गुपचूप रक्त प्यायले आणि तातडीच्या विभागात जाऊन ते ओकले. डॉक्टर म्हणाले, पोटात व्रण असावा. मग मी उभी राहून टाळ्या वाजवून म्हणणार का, की वैद्यकशास्त्राला निदान येत नाही? प्रश्न रास्त आहे. खोटं सांगणाऱ्याला पकडणं हे डॉक्टरचं पहिलं काम नाही.

पण हा वाद निदानाचा आहे. स्पिट्झर दाखल होण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या, अशा दोन दारांवर भांडतात. त्या दोन दारांच्या मधे जे एकोणीस दिवस आहेत, तिथं आपल्याला जायचंय.

वॉर्डातले आकडे

वॉर्डात कर्मचाऱ्यांसाठी काचेची एक खोली असायची. खोटे रुग्ण तिला पिंजरा म्हणत. मदतनीस त्या पिंजऱ्याबाहेर किती वेळ असतात, हे मोजलं गेलं. सरासरी ११.३ टक्के वेळ. यात नुसतं रुग्णांशी बोलणं धरलेलं नाही. कपड्यांच्या घड्या घालणं, दाढीच्या वेळी लक्ष ठेवणं, सगळं आलं. या पद्धतीला सोपं नाव देऊ, घड्याळ आणि वही. चांगल्या निरीक्षणाला बहुतेक वेळा यापेक्षा जास्त काही लागत नाही.

दुसरी मोजणी जास्त प्रसिद्ध आहे. चार रुग्णालयांत खोटा रुग्ण कर्मचाऱ्याजवळ जाऊन नम्रपणे विचारायचा, मला आवारात फिरायची परवानगी कधी मिळेल? ७१ टक्के वेळा मनोविकारतज्ज्ञ मान फिरवून पुढे निघून गेले. थांबून बोलले ते ४ टक्के वेळा. परिचारिका आणि मदतनीस यांच्या बाबतीत निघून जाण्याचं प्रमाण ८८ टक्के, थांबून बोलण्याचं अर्धा टक्का. तुलनेसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात एका तरुणीनं घाईत चाललेल्या प्राध्यापकांना अडवून प्रश्न विचारले. चौदापैकी चौदा जण थांबले आणि बोलले.

वाचताना अंगावर काटा येतो. म्हणूनच इथं थांबून तक्ता पुन्हा बघायला हवा. परिचारिका आणि मदतनीस मिळून माणसं किती? ४७. त्यांना विचारलं किती वेळा? १२८३. भागाकार करा. एकेकाला सरासरी सत्तावीस वेळा तोच प्रश्न! एका दिवसात एकाला एकदाच विचारायचं, ही काळजी घेतली होती. पण सत्तावीस दिवस रोज तोच प्रश्न आला तर तुम्ही-आम्ही काय करू? डॉक्टर १३, प्रश्न १८५; म्हणजे माणशी चौदा वेळा. आणि विद्यापीठात? प्राध्यापक १४, प्रसंग १४. प्रत्येकाला एकदाच, अनोळखी मुलीनं अडवलेलं.

ही तुलना बरोबरीची नाही. त्यामुळे रुग्णालयाचे आकडे खोटे ठरत नाहीत. कदाचित पहिल्या दिवशीही मान फिरवली गेली असेल. पण पहिला दिवस आणि विसावा दिवस तक्त्यात वेगळे मांडलेले नाहीत, त्यामुळे आपल्याला ते तपासता येत नाही. निरीक्षक स्वतःही वॉर्डातली एक घटना असतो. तोच प्रश्न रोज विचारणारा रुग्ण हेही त्या वॉर्डातलं एक दृश्य आहे आणि कर्मचारी त्यालाही प्रतिसाद देत होते.

मग दुसरा प्रश्न. मोजत कोण होतं? एका वॉर्डात बहुधा एकच निरीक्षक. मान फिरवली की नाही, क्षणभर थांबला की नाही, हे तोच ठरवणार. निरीक्षणपद्धतीत आपण निरीक्षकांमधली एकवाक्यता मागतो. म्हणजे दोघांनी एकच दृश्य वेगवेगळं बसून बघायचं, वेगवेगळं लिहायचं आणि मग वह्या शेजारी शेजारी ठेवायच्या. इथं शेजारी ठेवायला दुसरी वहीच नाही.

तळटीप

दुसरी वही नाही, असं मी म्हणाले. खरं तर एक होती.

लेखाच्या तळटीपांत नवव्या खोट्या रुग्णाचा उल्लेख आहे. त्याचंही शहाणपण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तरी त्याच्या नोंदी लेखात घेतल्या नाहीत. कारण दिलंय ते असं, की त्यानं आपल्या वैयक्तिक माहितीत, लग्नाबद्दल आणि आईवडिलांशी असलेल्या नात्याबद्दल, खोटं सांगितलं. त्यामुळे त्याचं वागणं इतरांच्या बरोबरीचं राहिलं नाही.

नियम म्हणून हे योग्यच वाटतं. पण हा नववा माणूस पुढे स्वतः लिहिता झाला. हॅरी लँडो त्याचं नाव. १९७६ मध्ये त्यानं एक छोटा पुरवणी लेख लिहिला. त्याचा अनुभव चांगला होता. कर्मचारी आपुलकीनं वागले, ती जागा त्याला दिलासा देणारी वाटली. म्हणजे ज्या एका निरीक्षकाला वेगळं दिसलं, नेमका तोच बाहेर राहिला.

आता २०१९ मध्ये या. सुझाना कॅहालन या अमेरिकी पत्रकार. त्यांना स्वतःला मेंदूच्या दाहाचा आजार झाला होता आणि तो आधी मनोविकार समजला गेला होता. त्यामुळे रोझेनहान त्यांना जवळचे वाटले आणि त्या त्यांच्या कागदपत्रांच्या शोधाला लागल्या. त्यातून 'द ग्रेट प्रिटेंडर' हे पुस्तक झालं. रोझेनहान तोवर हयात नव्हते, २०१२ मध्ये ते गेले. पण फेब्रुवारी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅव्हरफर्ड सरकारी रुग्णालयात ते डेव्हिड लुरी या नावानं दाखल झाले होते, आणि तो केसपेपर सापडला.

केसपेपरात काय आहे? तीन साध्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त. आवाज बंद व्हावेत म्हणून कानांवर तांब्याची भांडी धरली, दुसऱ्यांच्या मनातले विचार ऐकू येतात, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. असं ऐकल्यावर कुठलाही जबाबदार डॉक्टर माणसाला घरी पाठवणार नाही. लेखात मात्र लिहिलंय की ठरलेल्या गोष्टींपलीकडे काही बदललं नाही. कॅहालन यांना आठांपैकी रोझेनहान सोडून फक्त एकाचा माग लागला. उरलेले सहा जण सापडले नाहीत. ते होते तरी का, अशी शंका त्यांनी घेतली आहे. इतिहासकार अँड्र्यू स्कल यांनी तर २०२३ मध्ये या सगळ्याला सरळ वैज्ञानिक फसवणूक म्हटलं.

मी आज 'फसवणूक' या शब्दावर थांबणार नाही. तो शब्द उच्चारला की आपण लेख बंद करून मोकळे होतो आणि शिकायचं ते राहून जातं. मला वेगळी गोष्ट दिसते. ठरवलेलं सोडून जास्तीचं खोटं सांगितलं म्हणून नवव्याला काढलं. केसपेपर खरा धरला, तर पहिल्यानंही तेच केलं होतं. पहिला राहिला, नववा गेला. दोघांत फरक काय? पहिल्याची वही लेखाच्या बाजूनं बोलत होती आणि नवव्याची विरुद्ध.

आणि हे करणारा माणूस कोण, तर परिचारिका केसपेपरवरच्या शब्दातून बघतात हे जगाला दाखवणारा! तिच्या हातात निदान होतं, यांच्या हातात सिद्धान्त. आपला निष्कर्ष आपल्यालाच लागू करून बघणं किती अवघड असतं, याचा याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही.

एका मुलाचा दिवस

मग निरीक्षण करायचं कसं? तुलनेसाठी एक जुनं, फारसं न गाजलेलं पुस्तक सांगते. रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांचं 'वन बॉइज डे', १९५१ सालचं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं एक छोटं गाव. तारीख २६ एप्रिल १९४९. सात वर्षांचा एक मुलगा. पुस्तकात त्याचं नाव रेमंड. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आठ निरीक्षक आळीपाळीनं त्याच्या मागे. तो काय करतो, काय बोलतो, कोणाकडे बघतो, हे सगळं मिनिटामिनिटाला लिहिलं आणि चारशेहून अधिक पानांत छापलं.

कंटाळवाणं आहे का? काही पानं आहेतच. सिद्धान्त नाही, धक्का नाही, खलनायक नाही. मुलाला आणि घरच्यांना आपल्याकडे कोणी बघतंय हे माहीत होतं, तेव्हा वागण्यात फरक पडला असणारच. हा दोष मोठा आहे. पण नोंद तुमच्यासमोर आहे. बार्कर यांचा अर्थ पटला नाही तर तुम्ही तीच पानं उघडून दुसरा अर्थ लावू शकता. रोझेनहान यांच्या लेखात ही सोय नाही. नऊ पानांत लेखकाचा आवाज इतका भरून राहिलाय की वॉर्ड आपल्याला त्यांच्याच डोळ्यांनी दिसतो.

राहतं काय

रोझेनहान यांच्या लेखानं भल्याचंही काम केलं. निदानाचे निकष काटेकोर करण्याच्या मागणीला त्यानं बळ दिलं. पण अमेरिकेतली मोठी सरकारी मनोरुग्णालयं रिकामी होण्याला १९५० च्या दशकातच सुरुवात झाली होती. त्यांच्या जागी पुरेशा सोयी उभ्या राहिल्या नाहीत, आणि 'ती ठिकाणं वाईटच' असं म्हणायला हा लेख फार सोयीचा ठरला. लँडोची वही त्यात असती, तर 'काही ठिकाणं चांगलीही असतात, ती कशामुळे?' असा प्रश्न तरी कोणी विचारला असता. एक तळटीप गेली की असा एक प्रश्न जातो.

ज्यांनी खोट्या रुग्णांना ओळखलं त्या पस्तीस माणसांचं पुढे काय झालं, हेही लेखात नाही. वॉर्डातले सगळ्यात चांगले निरीक्षक तेच होते. त्यांचं बघणं कर्मचाऱ्यांविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं, पण ही जागा कशी आहे हे त्यांना कोणी विचारलं नाही. खोटे रुग्ण बाहेर आले आणि त्यांचं ऐकलं गेलं. खरे रुग्ण आतच राहिले.

आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी बघण्याचा हक्क आहे. कायद्याची भाषा बाजूला ठेवून मी त्याकडे निरीक्षणपद्धतीच्या नजरेनं बघते. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते वाचता यावं आणि 'असं नव्हतं' म्हणता यावं. दुसरी वही ती हीच.

एवढं बोलून थांबते. दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : न सांगता, वेष बदलून निरीक्षण करणं मुळात योग्य आहे का?

उत्तर : सरसकट नाही म्हणणार नाही. काही जागा अशा असतात की परवानगी मागितली की पडदा पडतो. पण लपून बघण्याची किंमत असते. समोरच्याला उत्तर देता येत नाही, आणि दुसरा निरीक्षक सहसा नसतो. ज्यानं लपून बघितलं, त्याच्यावर नोंदी जपण्याची जबाबदारी दुप्पट येते. सगळं गुप्त ठेवायचं आणि वर विश्वासही मागायचा, हे जमत नाही.

प्रश्न : आम्हाला प्रॅक्टिकलसाठी अंगणवाडीत जाऊन निरीक्षणाचं जर्नल लिहायचंय. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : जोडीनं जा, पण वेगळं बसा. एकमेकींचं बघून लिहू नका. (हशा) पानावर दोन रकाने करा. पहिल्यात जे दिसलं आणि ऐकू आलं तेच. 'मूल चिडलं' असं लिहू नका, 'ठोकळा फेकला, मग खाली बसलं' असं लिहा. चिडलं हा तुमचा अर्थ झाला, तो दुसऱ्या रकान्यात. आणि शेवटी, जे तुमच्या अपेक्षेत बसलं नाही ते खोडू नका, जर्नल बाईंना दाखवायचं असलं तरी. समजा वीस मुलं तुम्ही म्हणता तशी वागली आणि एकविसावं नाही वागलं, तर जर्नलमधलं सगळ्यात मोठं वर्णन त्या एकविसाव्याचं असू द्या.